घराखालच्या पार्किंगच्या कोब्यावर इपॉक्सी करावं की आणखी काही? (कळंबा, कोल्हापूर; २८० चौ. फूट)

कळंबा_रोड:
नमस्कार मंडळी. घराखाली बंद पार्किंग आहे, २० बाय १४ फूट. तीन बाजूंनी भिंत, पश्चिमेला शटर. खाली सोलिंग (दगडांचा थर), त्यावर चार इंची काँक्रीट आणि वर घोटलेला कोबा, साधारण दहा वर्षांचा. एक कार आणि दोन दुचाक्या असतात. कोबा सतत धूळ सोडतो, कितीही झाडलं तरी पांढरी भुकटी निघतेच. एका कोपऱ्यात ऑईलचा जुना डाग आहे, मधोमध एक भेग आहे. पेंटर म्हणतो इपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचा राळेचा थर) मारून देतो, काचेसारखं दिसेल. फरशीवाला म्हणतो पार्किंग टाईल टाका. जाणकारांनी सांगावं. स्वतः करण्यासारखं काम आहे का?

गवंडीकाम:
रंगाचं नंतर बघू. आधी कोबा रंग धरण्याच्या लायकीचा आहे का ते तपासा, त्याला पैसे पडत नाहीत.

लोखंडी सळई घ्या आणि दर फुटावर टोकत चला. जिथे आवाज पोकळ येतो तिथे कोब्याचा वरचा थर खालच्या काँक्रीटपासून सुटलेला आहे. त्यावर जगातलं कुठलंही कोटिंग लावा, गाडीच्या वजनाने तो तुकडा कोटिंगसकट निघणार. मग जाड खिळ्याने चौकडी ओरखडे मारा. नुसती रेघ उमटली तर ठीक. पावडर सुटून खोबण पडली तर वरची कातडी कच्ची आहे. घोटताना वरून कोरडं सिमेंट भुरभुरलं किंवा पाणी शिंपडून घोटलं की असं होतं. तुमची धूळ बहुतेक तिथूनच येते.

तिसरी तपासणी पाण्याची. ठिकठिकाणी चमचाभर पाणी टाका. मिनिटाभरात शोषलं तर छिद्रं मोकळी आहेत. मोत्यासारखं वर उभं राहिलं तर ऑईल, मेण किंवा जुना सीलर आहे.

शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची तपासणी ओलीची. जाड पारदर्शक प्लास्टिकचे दीड फूट बाय दीड फुटाचे तुकडे चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. एक मागच्या भिंतीजवळ, एक मध्ये, एक शटरजवळ. किमान १६ तास ठेवा, रात्र आणि दुसरा अख्खा दिवस ठेवलात तर उत्तमच. उचलल्यावर प्लास्टिकच्या आतून थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळपट झाला असेल तर खालून ओल येते. थेंब प्लास्टिकच्या वरच्या बाजूला असतील तर ते हवेतलं दव, त्याचा कोब्याशी संबंध नाही.

चटपट_काम:
एवढं कशाला? हार्डवेअरच्या दुकानातून ॲसिड आणायचं, ओतायचं, फेस आला की धुवायचं, वाळलं की रंग. सगळे असंच करतात.

राळ_आणि_वाळू:
सगळे करतात म्हणूनच दुसऱ्या उन्हाळ्यात पोपडे निघतात. ॲसिड सिमेंटची वरची साय खातं, हे खरं. पण ते ऑईलच्या डागावर चालत नाही, जुन्या सीलरवर चालत नाही आणि कडक घोटलेल्या भागावर कमी, मऊ भागावर जास्त चालतं. म्हणजे जिथे गरज तिथेच काम होत नाही. वर मागे कॅल्शियम क्लोराईड उरतं. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि कोटिंगच्या खाली बसून फोड आणतं. शिवाय धुण्यासाठी कोब्यात बादल्याच्या बादल्या पाणी मुरवायचं आणि मग तो कोरडा व्हायची वाट बघायची, हा उलटाच कारभार झाला. वाफेने शटरची पट्टी आणि दुचाकीचं क्रोम गंजतं ते वेगळंच. पायरीला कोटा किंवा शहाबादी असेल तर त्यावर थेंब पडू देऊ नका. दोन्ही चुनखडीचे दगड, लगेच डाग पडतो.

मशीन लावणं अगदीच अशक्य असेल तरच ॲसिड. एक भाग ॲसिडला तीन भाग पाणी, आधी पाणी घ्यायचं आणि त्यात ॲसिड सोडायचं. उलटं केलं तर उकळून अंगावर उडतं. फेस थांबला की घासून धुवायचं, मग धुण्याच्या सोड्याचं पाणी, मग पुन्हा दोनदा स्वच्छ पाणी. शेवटच्या पाण्याला पीएच पट्टी लावून नळाच्या पाण्याइतकाच आकडा येतो का बघायचं.

ग्राइंडिंगला पर्याय नाही, माझं मत स्पष्ट आहे.

शिरोली_शॉपफ्लोअर:
+१. कारखान्यात कुणी ॲसिडने इपॉक्सीची तयारी करत नाही.

घरच्या २८० फुटांना पाच इंची अँगल ग्राइंडर, त्याला डायमंड कप व्हील, धूळ ओढणारं कव्हर आणि मागे व्हॅक्यूम एवढं पुरतं. व्हीलचे सेगमेंट ३० किंवा ४० ग्रिटचे घ्या. मोठं क्षेत्र असेल तर उभं राहून चालवायचं ग्राइंडिंग मशीन भाड्याने बघा. मोझॅक पॉलिशवाल्याचं मशीन मात्र नको. ते ओलं चालतं, दगड गुळगुळीत करतो आणि चिखल छिद्रांत बसतो. आपल्याला हात फिरवल्यावर ६० ते ८० नंबरच्या पॉलिश पेपरसारखा खरखरीतपणा हवा आहे, चकाकी नको.

कप व्हील एका जागी थांबवू नका, गोल खड्डे पडतात आणि चमकदार कोटिंगमध्ये तेच आधी दिसतात. काँक्रीटची धूळ म्हणजे सिलिका आहे. रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क किमान हवाच.

कळंबा_रोड:
तपासण्या केल्या. सळईने दोन ठिकाणी पोकळ आवाज आला, दोन्ही ताटाएवढे भाग. खिळ्याने पावडर निघते, पण खोल खोबण पडत नाही. शटरजवळचं आणि मधलं प्लास्टिक कोरडं. मागच्या भिंतीजवळ प्लास्टिकच्या आतून थेंब आहेत आणि कोबा काळा पडलाय. त्या भिंतीच्या पलीकडे बाग आहे, गच्चीच्या पाण्याचा पाईपही तिथेच उतरतो. ऑक्टोबर आहे म्हणून ओल असेल का?

गवंडीकाम:
ऑक्टोबरमुळे थोडी, बागेमुळे जास्त. भिंतीच्या पलीकडे मातीची पातळी आतल्या कोब्यापेक्षा वर आहे का बघा. तसं असेल तर भरावाची माती निदान सहा इंच खाली काढा, पाईपचं पाणी गटारीपर्यंत न्या आणि भिंतीलगत दोन-अडीच फुटांची सिमेंटची पट्टी बाहेरच्या उताराने करा. आतून कितीही भारी केमिकल लावलं तरी बाहेरून पाणी चालूच असेल तर ते दुसरीकडून वाट काढतंच.

ओल आत्ता तपासलीत हे बरं झालं. एप्रिलमध्ये तपासून ‘कोरडं आहे’ म्हणणारे जुलैत रडतात. आपल्याकडे पावसाळ्याच्या शेवटी तपासावं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काम करावं.

राळ_आणि_वाळू:
ओल कोटिंगला का उचलते ते सांगतो, म्हणजे पुढची निवड सोपी जाईल. इपॉक्सीचा थर वाफ जाऊ देत नाही. जमिनीतली ओल काँक्रीटच्या छिद्रांतून वर चढते, उघड्या कोब्यावरून गुपचूप उडून जाते आणि आपल्याला कळतही नाही. झाकण बसलं की ती थराखाली साठते. सोबत सिमेंटमधले क्षार येतात, पाणी अल्कधर्मी होतं आणि चिकटून धरलेली जागा हळूहळू सोडवतं. मग नाण्याएवढे फोड येतात. फोडून बघितलं तर आत बुळबुळीत पाणी निघतं. लोक म्हणतात माल डुप्लिकेट होता. मालाचा दोष क्वचित असतो.

आता पर्याय.

एक, कोटिंग नकोच. लिथियम सिलिकेट हार्डनर मारायचा. तो कोब्यातल्या मोकळ्या चुन्याशी संयोग होऊन आतच कडक होतो, वर थर बनत नाही, त्यामुळे पोपडा निघण्याचा प्रश्नच नाही आणि वाफ मोकळी जाते. धूळ थांबते. हवं तर त्यावर सिलेन-सिलोक्सेनचं वॉटर रिपेलंट. दिसायला कोबा कोब्यासारखाच राहतो आणि ऑईल पडलं की डाग पडतो, एवढीच उणीव.

दोन, इपॉक्सी. प्रायमर आणि दोन हात, २५० ते ३०० मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिमी). ऑईल, ग्रीस, धुणंपुसणं याला उत्तम. पण उन्हात पिवळी पडते आणि कालांतराने खडूसारखी होते. तुमचं शटर पश्चिमेला आहे. ते उघडं राहत असेल तर दुपारनंतर पुढच्या चार-पाच फुटांवर ऊन येणार. तिथे रंगाचा फरक दिसेल.

तीन, इपॉक्सीवर ॲलिफॅटिक पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, पातळ हात. ऊन सोसतो, ओरखडे कमी पडतात, ब्रेक ऑईल सांडलं तर इपॉक्सीपेक्षा बरा टिकतो. मला विचाराल तर कार-पार्किंगला पीयूशिवाय इपॉक्सी करू नये.

चार, पॉलिअ‍ॅस्पार्टिक. एका दिवसात काम होतं, ऊन सोसतं. पण बादलीत १५-२० मिनिटांत घट्ट होतं, दमट हवेत त्याहून लवकर. पहिल्यांदाच रोलर धरणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये.

‘एक डब्याचं इपॉक्सी पेंट’ म्हणून मिळणारं काहीही पाचवा पर्याय म्हणून धरू नका. हार्डनर वेगळा नसेल तर ती ज्याला आपण इपॉक्सी म्हणतो ती नव्हे.

फरशीवाला:
टाईलची बाजूही ऐका. जमिनीत ओल असेल तर सांध्यातून वाफ जाते, एक तुटली तर एकच बदलता येते. पण २० मिमीची जाड पार्किंग टाईल अधिक खालचा मसाला म्हणजे पातळी दोन इंच वर येणार. शटरची पट्टी, उंबरा, गटारीची जाळी, सगळं परत करावं लागतं. आणि टाईलखाली मसाल्याचे नुसते गोळे ठेवून बसवली की चाकाखाली कोपरे तुटतातच. पूर्ण बेड भरून बसवणारा माणूस असेल तरच करा.

नागाळा_पार्क:
ताई म्हणा किंवा काकू म्हणा, पण पुराच्या पट्ट्यातल्यांसाठी पण सांगा की. आमच्या भागात राजाराम बंधाऱ्याची पातळी ४३ फुटांच्या वर गेली की सगळ्यांच्या नजरा पार्किंगकडे. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळेला शाहूपुरीपासून इकडे घरात पाणी होतं. अशा ठिकाणी इपॉक्सी टिकते का?

शिरोली_शॉपफ्लोअर:
ताई, वरून पाणी आलं तर नीट चिकटलेल्या इपॉक्सीला काही होत नाही. गाळ मात्र घासून काढू नका, पाण्याच्या फवाऱ्याने सैल करून ढकला. गाळात वाळू असते, खराट्याने घासलं की चमक जाते. खरी अडचण पूर ओसरल्यावर. आठवडाभर जमीन तुडुंब असते, खालून पाण्याचा दाब राहतो आणि आतून लावलेला थर तो दाब पेलायला बनवलेलाच नसतो. त्या पट्ट्यात हार्डनर किंवा टाईल. इपॉक्सीवर पैसे घालू नका.

कळंबा_रोड:
म्हणजे माझ्या बाबतीत मागचा भाग सोडून बाकी इपॉक्सी चालेल? की सगळं हार्डनरवर भागवू?

राळ_आणि_वाळू:
बाहेरची माती आणि पाईप आधी. मग फेब्रुवारीत त्याच जागी पुन्हा प्लास्टिक लावा. कोरडं निघालं तर सरळ इपॉक्सी आणि पीयू. थेंब अजून असतील तर दोन वाटा आहेत. बिनत्रासाची वाट हार्डनरची. २८० चौरस फूट म्हणजे २६ चौरस मीटर, घोटलेल्या कोब्यावर लिथियम सिलिकेट लिटरला १० ते १५ चौरस मीटर जातं, म्हणजे दोन ते तीन लिटर. पंपाने मारायचं, २० मिनिटं ओलं ठेवायचं, कुठेही डबकं राहू द्यायचं नाही. डबकं वाळलं की पांढरा काचेसारखा डाग राहतो आणि तो घासूनच काढावा लागतो.

दुसरी वाट म्हणजे इपॉक्सी-सिमेंट. तीन भागांत येतं: राळ, हार्डनर आणि सिमेंट-वाळूची पावडर. ओलसर काँक्रीटवर लावण्यासाठीच ते बनवलेलं असतं. दोन मिमीचा थर ओलीला अडवतो आणि त्यावर नेहमीची इपॉक्सी चालते. मिमीला चौरस मीटरमागे साधारण २.१ किलो धरा. फक्त मागची सहा चौरस मीटरची पट्टी केली तर २५ किलो, सगळं पार्किंग केलं तर ११० किलोच्या आसपास. नुसती पट्टी केली तर दोन मिमीची पायरी पडते, ती घासून उतरती करावी लागते. आणि ओल पट्टीच्या कडेने पुढे सरकते, हे लक्षात ठेवून पट्टी ओल्या खुणेच्या पलीकडे दोन फूट न्या.

चटपट_काम:
बरं, मग पेंटर ‘२ मिमी इपॉक्सी’ म्हणून कोटेशन देतोय ते काय असतं?

शिरोली_शॉपफ्लोअर:
हा प्रश्न सोन्यासारखा आहे भावा. हिशोब पाठ करून ठेवा: सॉल्व्हंट नसलेली, म्हणजे १०० टक्के सॉलिडची इपॉक्सी एका चौरस मीटरवर एक लिटर ओतली तर एक मिमी थर होतो. २६ चौरस मीटरला २ मिमी म्हणजे ५२ लिटर. एका लिटरचं वजन दीड किलोच्या जवळपास, म्हणजे पाऊणशे किलोहून जास्त माल. २० किलोचे चार डबे तरी दारात उतरले पाहिजेत. एकच डबा आला तर तुमचा थर अर्धा मिमी. डबे मोजा, रिकामे झाल्यावर पुन्हा मोजा.

दुसरं असं की २ मिमीची ‘सेल्फ लेव्हलिंग’, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट पसरणारी, इपॉक्सी तुम्हाला लागतच नाही. पार्किंगला पाणी जायला उतार असतो, शंभरला एक तरी. जास्त उतार असेल तर ती पातळ इपॉक्सी शटरकडे वाहत जाऊन तिथे जाड आणि मागे पातळ बसते. घरच्या गाडीला रोलरचे दोन हात पुष्कळ झाले.

कोटेशनमध्ये लिहून घ्या: ग्राइंडिंग करणार की नाही, कोणता प्रायमर, किती हात, प्रत्येक हात किती मायक्रॉन, मालाचे किलो किती. ‘चौरस फुटाला इतके’ एवढंच लिहिणाऱ्याकडून काम घेऊ नका. थोडं पुढे जायचं असेल तर इपॉक्सी फ्लोअरिंगच्या कामाचं भारतीय मानक आयएस ४६३१ आहे, त्याचं नाव घेतलं की समोरचा जरा सावरून बोलतो.

कळंबा_रोड:
स्वतः केलं तर किती माल आणि क्रम काय?

राळ_आणि_वाळू:
लिहून घ्या. बाहेरची ओल थांबली आहे, हे धरून चालतो.

आधी ऑईलचा डाग, ग्राइंडिंगच्या आधी. ग्राइंडर तेल पसरवतो. डिग्रीजर किंवा गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून कडक ब्रशने घासा, फेस सुक्या लाकडी भुशाने किंवा कोरड्या सिमेंटने शोषून घ्या, पुन्हा घासा. पाणी मोत्यासारखं उभं राहायचं थांबेपर्यंत हे करायचं. दहा वर्षांचं तेल खोल गेलेलं असेल तर तेवढा तुकडा छिन्नीने काढून पुन्हा भरणं सरळ पडतं.

पोकळ दोन भाग कापून काढा. कडा ग्राइंडरने चौकोनी आणि उभ्या कापा, तिरक्या नकोत. भरायला इपॉक्सी मॉर्टर: एक भाग राळ-हार्डनरचं मिश्रण, पाच ते सात भाग पूर्ण कोरडी क्वार्ट्झ वाळू, वजनाने. आधी तळाला नुसती राळ चोपडा, ती चिकट असतानाच मॉर्टर दाबा. नदीची वाळू घालू नका, तिच्यात ओल आणि माती असते.

भेग बघा. दोन्ही बाजू एका पातळीत आहेत आणि वर्षानुवर्षं तेवढीच आहे, तर ती मेलेली भेग. व्ही आकारात ६ ते ८ मिमी खोल कापून इपॉक्सी पुटीने भरा. सरळ रेषेत सोडलेला जॉइंट असेल किंवा भेग हलती असेल तर कडक माल भरू नका, तो शेजारीच नवी भेग काढतो. तिथे फोमची दोरी दाबून वर पीयू सीलंट, रुंदीच्या निम्म्या खोलीचं. १० मिमीच्या जॉइंटला ५-६ मिमी सीलंट आणि दोरी त्याहून थोडी जाड, म्हणजे घट्ट बसते.

मग ग्राइंडिंग, व्हॅक्यूम, पुन्हा व्हॅक्यूम. ओल्या फडक्याने पुसू नका.

प्रायमर चौरस मीटरला २०० ग्रॅम, म्हणजे साडेपाच किलो आणा. काही भाग कोरडे, निस्तेज दिसले तर तिथे कोब्याने तो पिऊन टाकला, पुन्हा एक हात द्या. छिद्रं उघडी राहिली की त्यातली हवा वरच्या हातात बुडबुडे काढते.

इपॉक्सीचे दोन हात, १५० मायक्रॉनचा एक. २६ ला ०.१५ ने गुणा: हाताला ३.९ लिटर, दोन हातांना ७.८ लिटर, म्हणजे ११ किलोच्या पुढे. नासधूस धरून १२ किलो. पीयू ५० मायक्रॉन, डब्यावर सॉलिड ५० टक्के लिहिलं असेल तर २.६ लिटर, तीन आणा.

गवंडीकाम:
घसरण्याचं राहिलं. पावसात भिजलेली चपल आणि चकचकीत इपॉक्सी ही जोडी हाडं मोडते. दुसरा हात ओला असतानाच ०.३ ते ०.६ मिमीची क्वार्ट्झ वाळू वरून हाताने भुरभुरा. उंचावरून आणि सारखी, चौरस मीटरला ४०० ग्रॅम. म्हणजे दहा किलो. वाळल्यावर सैल दाणे झाडून घ्या आणि वर पीयू. शटरजवळ उतार जास्त असेल तर तिथे दुप्पट. फार टाकलीत तर पुसायचं फडकं अडकतं, तेवढं जपा.

रोलरवाला_राजारामपुरी:
कालवण्याबद्दल कुणीच बोललं नाही आणि निम्मी कामं तिथेच बिघडतात.

आपल्याकडच्या पेंटरांना दोन सवयी. एक, रंग जाड वाटला की थिनर. सॉल्व्हंट नसलेल्या इपॉक्सीत थिनर टाकला की तो आत अडकतो, थर मऊ राहतो, सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. दुसरी, लवकर वाळावं म्हणून हार्डनर चमचाभर जास्त. ही सवय गाड्यांच्या डेंटिंगच्या पुटीवरून आली आहे. तिथला हार्डनर नुसती क्रिया सुरू करून देतो, कमी-जास्त चालतो. इपॉक्सीत हार्डनर स्वतः थराचा भाग बनतो. जास्त झाला तर जास्तीचा तसाच उरतो, थर कायमचा चिकट. डब्यावर ४ ला १ वजनाने लिहिलं असेल तर वजनानेच, मापाच्या मगाने नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणा, पण परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

मिक्सर ड्रिलला लावा, मंद गतीने, मिनिटाला ३०० ते ४०० फेरे, तीन मिनिटं. कडा आणि तळ पट्टीने खरवडून मध्ये घ्या. मग सगळं दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून पुन्हा मिनिटभर. कोब्यावर हातभर लांबीचे चिकट पट्टे राहतात ना, ते बादलीच्या कडेचा न मिसळलेला माल शेवटी खरवडून ओतल्यामुळे.

आणि बादलीत ठेवून बसू नका. मोठ्या गोळ्यात उष्णता कोंडते, माल धुरायला लागतो, प्लास्टिकची बादली वितळते. कालवलं की लगेच जमिनीवर लांब पट्ट्यात ओता, मग रोलरने पसरा. जमिनीवर पातळ पसरल्यावर निवांत वेळ मिळतो. एका वेळी तीन किलोपेक्षा जास्त कालवू नका, दोन माणसं असावीत: एक कालवणारा, एक ओढणारा. रोलर ८ ते १० मिमी लोकरीचा, सैल धागे आधी चिकटपट्टीने ओढून काढलेला. सुरुवात मागच्या भिंतीपासून, शटरकडे येत.

कळंबा_रोड:
वेळ कुठली? सकाळी लवकर सुरू करावं असं वाटतं.

राळ_आणि_वाळू:
सकाळ टाळा. सकाळी कोबा थंड असतो, दिवस चढतो तशी छिद्रांतली हवा फुगून वर येते आणि ओल्या थरात बुडबुडे. शटर खाली ओढून घ्या, ऊन आत येऊ देऊ नका आणि दुपारी चारनंतर काम धरा. तापमान उतरत असताना कोबा माल आत ओढतो.

दवबिंदूचा (ज्या तापमानाला हवेतलं दव जमायला लागतं त्याचा) नियम: जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. हवा २४ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू २० च्या थोडा वर येतो, म्हणजे जमीन साडेतेवीस तरी हवी. हे न पाळल्यास वर पांढरट, मेणचट थर येतो. तो दिसला तर कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, पेपर मारा, मगच पुढचा हात. तसाच पुढचा हात मारला तर तो सोलून निघतो.

म्हणून फेब्रुवारी-मार्च. एप्रिल-मेमध्ये माल हातात घट्ट होतो आणि दुपारनंतर वळवाचा भरवसा नाही.

दोन हातांमध्ये १२ ते २४ तास. डब्यावर दिलेली मुदत उलटली तर १०० नंबरचा पेपर मारून, धूळ काढून पुढचा हात. वर चालायला २४ तास. गाडीला सात दिवस, एकही कमी नाही.

चटपट_काम:
सात दिवस गाडी रस्त्यावर? तीन दिवसांत कडक होते की.

राळ_आणि_वाळू:
नखाला कडक लागते, टायरला नाही. पुणे-बंगळूर हायवेवरून आलेल्या गाडीचे टायर तापलेले असतात, त्यांतले मऊ करणारे तेलकट घटक बाहेर येतात आणि अर्धवट पिकलेल्या थराला नरम करतात. रात्रभर टायर थंड होऊन आकसतो आणि थराला धरून ओढतो. सकाळी गाडी काढली की टायरच्या आकाराचे चार चट्टे. तयारी कच्ची असेल तर हे महिन्यांनीही होतं.

नागाळा_पार्क:
गाडी धुताना टायर पॉलिशचा स्प्रे मारतात, त्याने काही होतं का?

रोलरवाला_राजारामपुरी:
लावलेल्या थराला नाही, पण कामाच्या आधी तो जमिनीवर पडलेला असेल तर रंग तिथे बसतच नाही, माशाच्या डोळ्यासारखी गोल छिद्रं पडतात. सिलिकॉन आहे ते. काम ठरलं की आधीचा महिनाभर पार्किंगमध्ये डॅशबोर्ड आणि टायरचे स्प्रे बंद.

दुचाकीचं साइड स्टँड कुठल्याही कोटिंगचा शत्रू आहे, तिथे रबराचा तुकडा ठेवा. जॅकखाली प्लायचा तुकडा. रंग मधला राखाडी घ्या, आरएएल या रंगांच्या क्रमांक-यादीतल्या ७०३७ च्या आसपास. ७०३५ फिकट आहे, टायरच्या काळ्या खुणा लगेच दिसतात. गडद रंगावर धूळ आणि गगनबावड्याकडची तांबडी माती उठून दिसते.

माळावरचा_बंगला:
धाग्यात घुसतोय. आमचं नवीन ट्रिमिक्स (व्हॅक्यूमने जादा पाणी ओढून घेतलेलं काँक्रीट) आहे, तीन आठवडे झाले. लगेच करू का?

शिरोली_शॉपफ्लोअर:
२८ दिवस किमान, आणि त्यानंतरही प्लास्टिकची तपासणी पास झाली तरच. क्युरिंगसाठी पाण्याऐवजी क्युरिंग कंपाउंडचा फवारा मारला असेल तर त्याचा मेणासारखा थर असतो, तो पूर्ण घासून काढा. ट्रिमिक्सचा वरचा भाग घट्ट असतो, ग्राइंडिंग जास्त लागेल.

कळंबा_रोड:
शेवटचे दोन प्रश्न. उरलेला कालवलेला माल कुठे टाकायचा? आणि शटरखाली कोटिंग कसं संपवायचं, तिथूनच पाणी आत येतं.

राळ_आणि_वाळू:
गटारीत ओतू नका. कालवलेला माल कोरड्या वाळूत मिसळून पसरून ठेवा, दुसऱ्या दिवशी दगड होतो, मग कचऱ्यात. हातमोजे नायट्रिलचे. त्वचेला लागलं तर साबण आणि पाणी. थिनरने हात धुतले तर हार्डनर कातडीत आणखी आत जातो आणि एकदा त्याची ॲलर्जी झाली की आयुष्यभर राहते.

गवंडीकाम:
शटरच्या रेषेच्या आतल्या बाजूला, एक इंच सोडून, ग्राइंडरने सरळ खाच कापा: ५ मिमी खोल, ५ मिमी रुंद, भिंतीपासून भिंतीपर्यंत. कोटिंग त्या खाचेत उतरवून तिथेच संपवा, वरून मास्किंग टेप लावून सरळ कड काढा आणि माल ओला असतानाच टेप ओढा. उघडी कड सपाट सोडली की टायर आणि पाणी तिथूनच तिला उचलतात. खाचेत ती अडकून बसते. खाचेच्या बाहेरचा उंबरा कोटिंगशिवाय ठेवा आणि त्याला बाहेरच्या बाजूने उतार द्या.